हर्णैला जाताना दोन गाड्या

दिवस पहिला : पुणे ते महाबळेश्वर

ही सहल निघाली मामीच्या गुडघ्यांमुळे. मामांची एमजीबी म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी, १९७० सालची. तिच्यात बसायचं तर आधी बूड टेकायचं, मग पाय एकेक करून आत ओढायचे. उतरताना हेच सगळं उलट, शिवाय वरून कुणीतरी हात द्यायचा. सहा वर्षांपूर्वी मामी अशीच उतरता उतरता परत आत बसली आणि म्हणाली, "आता ही विका, नाहीतर मला विका." मामांनी दोन्ही केलं नाही. मामी मात्र त्यानंतर त्या गाडीत बसली नाही. यंदा नवरात्र संपता संपता मामांचाच फोन आला. "तुझी ती मर्सिडीज चार दिवस चालवून बघायचीय. माझी तू घे. हर्णैला जाऊन येऊ. मग बघू काय ते."

मामांच्या तोंडी "मग बघू काय ते" म्हणजे निम्मा निकाल. पिंपरीच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मोजल्याशिवाय कशावरही मत देत नाही. आता चौऱ्याहत्तरीला त्यांना स्वतःचे गुडघेही मोजावेसे वाटत असावेत.

माझी गाडी १९९६ची ई २२०. जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. खरी गंमत अशी की दोघींमध्ये पुणेरी आहे ती हीच. मर्सिडीज-बेन्झ १९९४ साली टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) हात धरून भारतात आली आणि १९९५मध्ये त्यांची इथे जोडलेली पहिली गाडी पिंपरीतून बाहेर पडली, ती १२४च. चाकणचा स्वतःचा कारखाना पुढे २००९ साली झाला. उलट मामांची एमजी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची. दिल्लीत कुठल्याशा दूतावासातल्या साहेबाबरोबर आली, दोन हात फिरली आणि १९८७ साली एरंडवण्यात मामांच्या आंब्याखाली येऊन थांबली.

पहाटे सव्वापाचला वारज्याहून हायवेला लागलो. मामा-मामी मर्सिडीजमध्ये, मी मागे एमजीत. हूड, म्हणजे वरचं कापडी छत, खाली; कानटोपी डोक्यात. नवले पुलाच्या उतारावर दोन्ही बाजूंनी ट्रक आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी किती खाली बसलोय. ट्रकच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांच्या रेषेत. कात्रजच्या नव्या बोगद्यात एमजीचा आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि उगीचच खूप जोरात चाललोय असं वाटलं. काटा बघितला तर सत्तर. पुढे मर्सिडीजचे दिवे शांतपणे लांब जात होते.

स्पोर्ट्‌सकार म्हटल्यावर लोकांना जी गोष्ट वाटते ती इथेच मोडीत निघते. एमजीचं इंजिन १७९८ सीसी, ताकद साधारण ९५ अश्वशक्ती. मर्सिडीजचं २१९९ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. एमजी वजनाने जवळजवळ साडेचारशे किलो हलकी असूनही मोकळ्या रस्त्यावर मर्सिडीज तिला सहज मागे टाकते, आणि टाकताना आतल्या माणसाला ते जाणवतही नाही. मामांनी शिकवलं होतं तसं शिरवळजवळ चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे जणू पाचव्या गिअरचा, खटका दाबला. टॅकोमीटरचा काटा तीन हजारांवरून अडीच हजारांवर उतरला, इंजिनाने खांदे पाडले आणि मला गाडीतल्या इतर वस्तूंचे आवाज ऐकू यायला लागले. तेवढं सुख मिळेपर्यंत खंबाटकी आला.

सुरूर फाट्याआधी पेट्रोल. पंपावरच्या मुलाने पुढच्या जाळीवरचा अष्टकोनी बिल्ला वाचला. "एमजी? म्हणजे हेक्टरवाली?" मी म्हटलं, हो, तिची आजी. त्याने फोटो काढला तो मात्र मर्सिडीजबरोबर.

वाई सोडली आणि पसरणी घाटात गर्दीने गाठलं. शनिवार होता. पंधरा मिनिटांत दोन वळणं. तापमानाचा काटा हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. एमजीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, गाडी उभी आणि इंजिन हळू असलं की वाराही जेमतेम. मी कडेला घेऊन थांबलो. मामा पुढच्या वळणावर गाडी लावून चालत मागे आले, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हीटर चालू कर. पूर्ण." ऑक्टोबरच्या उन्हात, घाटात, हीटर! पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच; इंजिनाची उष्णता तो माझ्या पायांवर आणून ओततो. पाचगणीपर्यंत माझ्या नडग्या भाजल्या आणि काटा मधे आला. मर्सिडीजमध्ये मामी गार हवेत झोपली होती. तिला पसरणी घाट लागलाच नाही.

दिवस दुसरा : महाबळेश्वर ते हर्णै

सकाळी सातला बाहेर आलो तर मामा एमजीचं बॉनेट उघडून उभे. धुकं इतकं की त्यांच्या हातातली विजेरी आधी दिसली. आज गाडी माझ्याकडे होती, पण सकाळचं देवपूजेसारखं काम ते दुसऱ्याला देत नाहीत.

हवेत पेट्रोल मिसळायला एमजीला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक घुमट, घुमटावर काळं झाकण. मामांनी झाकण फिरवून वर ओढलं. त्याला खाली बारीकशी दांडी, दांडीच्या टोकाला पितळेचा एक लहान दट्ट्या. दांडीवर तेलाची खूण नखाएवढी खाली गेली होती. खिशातून ऑइलचा कुपा काढून त्यांनी सात-आठ थेंब सोडले आणि दांडी परत आत घालताना माझा हात वर ठेवला. "दाब. लागतंय काही?" मधासारखा विरोध लागला. "तो नसला की पिकअप देताना गाडी एकदा ढेकर देते." मग त्यांनी एक प्लग काढला. टोकाला काजळी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर, हवा विरळ. कार्ब्युरेटरने पुण्याच्या हिशोबाने पेट्रोल सोडलं की ते इथे जरा जास्तच होतं. प्लग पुसून पुन्हा लावला.

मर्सिडीजमध्ये आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर एक तापवलेली पातळ पट्टी आहे. हवा तिला किती थंड करते यावरून गाडी हवेचं वजन काढते आणि तेवढंच पेट्रोल सोडते. हे सगळं माणूस चहा पीत असताना होतं. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माहीत आहे. पण मग सकाळी उठून करायचं काय?"

मला दोन गाड्यांमधला फरक इथे नीट कळला. वेगाचा तो नाहीच. मर्सिडीजमध्ये बसणाऱ्याचा विचार कुणीतरी ऐंशीच्या दशकात श्टुटगार्टमध्ये बसून करून ठेवलाय; आपण फक्त स्टीअरिंग धरायचं. एमजीत तो विचार रोज सकाळी नव्याने करावा लागतो. आणि न केलात तर गाडी तसं सांगते.

आंबेनळी घाट मी एमजीतून उतरलो. याबद्दल मी मामांचा आयुष्यभर ऋणी राहीन. वाडा कुंभरोशीला चहा झाला, तिथून खाली पोलादपूरपर्यंत वळणावर वळण. दुसरा गिअर, क्वचित तिसरा. पुढे डिस्क, मागे ड्रम, ब्रेकला कसलीही मदत नाही, म्हणून इंजिनावर गाडी धरायची. स्टीअरिंग रॅकचं, हातातल्या बशीएवढं हलकं. रस्त्यावरचा बारका खडासुद्धा तळहाताला कळतो. ताशी चाळीस. चाळीसला एवढं काम आणि एवढी मजा! डावीकडे दरीत अजून पावसाळ्याचा हिरवा रंग, रस्त्यावर दोन ठिकाणी कोसळलेल्या मातीचे ओघळ, ओल्या मातीचा वास थेट नाकात. मागची पट्ट्यांची स्प्रिंग मात्र बैलगाडीची आठवण देते. वळणात खड्डा आला की मागची बाजू अर्धी वीत बाजूला टाकते आणि काही झालंच नाही असं दाखवते.

मामा मागून मर्सिडीज घेऊन येत होते. खाली उतरल्यावर त्यांना विचारलं, कशी वाटली? "स्टीअरिंग मधे सैल आहे." मग थोडं थांबून, "पण एवढ्या लांब गाडीला वळायला जागा कमी लागते. चाकं बरीच तिरपी होतात. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत ना? बघितल्या मी काल वाकून." या वयात गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्या गाडीचं बूड बघितलं होतं!

पुढे कशेडीचा बोगदा, खेड, दापोली. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की गावागावातल्या गतिरोधकांवर एमजीचा सायलेन्सर घासू नये म्हणून प्रत्येक वेळी तिरकी घालावी लागली. कोकणातल्या माणसाला आडवा गतिरोधक तिरका ओलांडणारा म्हणजे दारूडा वाटतो. चार वाजता हर्णैला, नारळी-पोफळीतल्या एका घरगुती मुक्कामाला पोचलो. मामांनी मर्सिडीज गडग्याला चिकटवून लावली, काच पुसली, डॅशबोर्ड पुसला.

दिवस तिसरा : हर्णै

दिवसभर काही केलं नाही. सुरमई, सोलकढी, झोप. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून बघितला. मामीने समुद्रात पाय बुडवून गुडघे बरे वाटतात असं जाहीर केलं.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघायला निघायचं म्हणून मर्सिडीजची किल्ली फिरवली. टक्. परत टक्. मग तेही नाही.

अर्ध्या मिनिटात कारण सापडलं. या गाडीला दिव्यांचं गोल बटण आहे. उजवीकडे फिरवलं की नेहमीचे दिवे. डावीकडे फिरवलं की फक्त एका बाजूचे, पुढचा आणि मागचा बारीक दिवा लागतो. जर्मनीतल्या अरुंद गल्लीत रात्री गाडी कडेला उभी केली तर रस्त्याकडच्या बाजूचे दिवे तेवढे चालू राहावेत, बॅटरी निम्मीच जावी, असा दूरदर्शी विचार. मामांनी डॅशबोर्ड पुसताना फडक्याने बटण डावीकडे फिरलं होतं. दिवे लागले ते नेमके गडग्याकडच्या बाजूचे, त्यामुळे कुणालाच दिसले नाहीत. पंचवीस तास जळत होते. बॅटरी चार वर्षांची. बदलायची हे मी गेले दोन महिने नुसतं म्हणत होतो.

"कुणीतरी करून ठेवलेला विचार," मामा म्हणाले. काल सकाळी मी त्यांना ऐकवलेलं वाक्य मला व्याजासकट परत मिळालं.

हर्णैत गॅरेज शोधायच्या आधी मामांनी एमजी मर्सिडीजच्या शेजारी आणली. जंपर केबल माझ्याकडे होती. एमजीचं बॉनेट उघडायला गेलो तर मामांनी मान हलवली. एमजीची बॅटरी पुढे नाहीच. सीटांच्या मागे, गालिच्याखाली, एका झाकणाखाली आहे; आणि एक नाही, सहा-सहा व्होल्टच्या दोन, प्रोपेलर शाफ्टच्या दोन अंगांना एकेक, एकमेकींना जोडलेल्या. बारा व्होल्टची एकच बसवून मोकळे का होत नाही, असं त्यांना सगळ्यांनी सांगून झालंय. ते कारखान्यातून जशी आली तशीच ठेवतात.

मग मी एमजीच्या मागच्या जागेत पालथा, पाय बाहेर, तोंड झाकणाच्या भोकात. मामा विजेरी धरून. "लाल कुठे लावतोयस? ती दोघींना जोडणारी तार आहे. तिथे लावलंस तर सहाच मिळतील. पलीकडचं टोक घे. काळा चिमटा बॉडीला." घरमालकांचा मुलगा, त्याचे दोन मित्र आणि एक कोंबडी गडग्यावर बसून बघत होते. केबल कशीबशी पुरली, त्यासाठी मामांना एमजी आणखी वीतभर पुढे घ्यावी लागली. दहा मिनिटं एमजीचं इंजिन चालू ठेवलं. किल्ली फिरवली. मर्सिडीज घसा खाकरून चालू झाली.

छप्पन्न वर्षांच्या गाडीने तीस वर्षांच्या गाडीला उचललं. मामांनी यावर एक शब्द काढला नाही. रात्री जेवताना मामी म्हणाली, "हसताय काय मघापासून?"

लिलाव हुकला.

दिवस चौथा : हर्णै ते पुणे

पहाटेपासून परतीचा पाऊस. एमजीचं हूड वर करणं हा दोन माणसांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम: सळ्या उभ्या करायच्या, कापड ताणायचं, काचेच्या चौकटीला पुढची पट्टी अडकवायची, मग बाजूची बटणं एकेक दाबत जायचं. शेवटचं बटण नेहमी अर्धा इंच कमी पडतं. लागतं तेव्हा बोटाचं नखही लागतं. आणि एवढं करून माझ्या डाव्या मांडीवर खेडपर्यंत थेंब पडत होता. एका लयीत. वायपर दोन, छोटे, घाईत असलेले. काच आतून धुरकट होत होती, ती पुसायला डावा हात, गिअरलाही तोच.

पुढे मर्सिडीजचा एकच वायपर निवांत फिरताना दिसत होता. तो वायपर बघत बसावा असा आहे. मधोमध उभा असताना आखूड असतो, कोपऱ्याकडे झुकताना आतल्या चक्राने लांब होतो, परत मधे येताना स्वतःला आत ओढून घेतो. कोपरेसुद्धा पुसले जातात. काचेचा ८६ टक्के भाग. दोन वायपरांचं काम एकाने, आणि घाई कुठेच नाही.

महाडच्या अलीकडे पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या टँकरचा. टँकर गेला, वास राहिला. थांबून बॉनेट उघडलं तर दोन कार्ब्युरेटरांमधल्या रबरी नळीला घाम फुटला होता. नळी हाताला मऊ, फुगलेली. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुन्या रबराचं असं होतं. मामांनी टाकीपासूनची लांब नळी बदलली होती, ही चार इंचांची राहिली होती. खाली तापलेला एक्झॉस्ट. दोघेही काही बोललो नाही.

हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली एक गॅरेज होतं. मिस्त्री मामांच्याच वयाचे. त्यांनी एमजीकडे बाहेरून बघितलं तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. बॉनेट उघडल्यावर मात्र पुढे झाले, चष्मा वर केला.

"हे तर अँबॅसिडरचं इंजिन."

मामा खुलले. एकाच घराण्यातलं, त्यांनी सांगितलं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. मॉरिस ऑक्सफर्डमधून अँबॅसिडरमध्ये आलं ते १४८९ सीसीचं, हे १७९८चं. डिस्ट्रिब्युटर, टॅपेट कव्हर, प्लगची जागा, सगळी ठेवण तीच. मिस्त्री ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी चाळीस वर्षं एसटी स्टँडवरच्या टॅक्स्या केल्या होत्या. इंजेक्शनच्या गाडीला चालते ती जाड नळी मापाने कापली, दोन क्लिपा आवळल्या, इंजिन चालू करून फडक्याने पुसून बघितलं. कोरडं. मर्सिडीजकडे बोट दाखवून म्हणाले, "ती असती तर मी हात लावला नसता. पुण्याला न्यावी लागली असती." दीडशे रुपये घेतले.

मग निघता निघता, कान थोडा तिरका करून: "तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट वाजतोय. बघून घ्या."

मामांचा चेहरा पडला. सगळे टॅपेट त्यांनी निघायच्या आदल्या रविवारी स्वतः लावले होते. व्हॉल्व्हजवळची फट पंधरा थाऊ, फीलर गेजची पातळ पट्टी घालून, दोनदा. "ओल्या हवेने तसा आवाज येतो," ते मला म्हणाले. मिस्त्री आत गेले होते.

माणगावहून ताम्हिणी. पाऊस थांबला, घाटात धबधबे अजून होते, आणि दर धबधब्याखाली माणसं. मुळशीच्या पाण्यावर ऊन पडलं. पौडला चहाला थांबलो तेव्हा मामी मर्सिडीजमधून उतरली, पदर खोचला आणि एमजीकडे बघत म्हणाली, "अहो, ते वरचं काढा. इथून पुढे मी हिच्यात येते."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी हूडची बटणं काढायला लागलो. बसताना मामीने आधी बूड टेकलं, मग उजवा पाय, मग डाव्या पायाला दोन्ही हातांनी धरून आत घेतलं आणि म्हणाली, "चला."

पेट्रोलचा हिशोब तिथेच केला, चहाच्या बिलाच्या मागे. एमजी लिटरला साडेदहा, मर्सिडीज साडेनऊ. मामांनी आकड्यांखाली रेघ मारली आणि कागद खिशात ठेवला.

मी चार दिवसांनी माझ्या गाडीत बसलो. दार ठप्प करून मिटलं आणि बाहेरचं जग कमी झालं. सीटच्या स्प्रिंगांनी पाठ ओळखीची असल्यासारखी घेतली. खरं सांगायचं तर मला हे फार बरं वाटलं. मागच्या सीटवर मामीचं पांघरूण, सोलकढीची बाटली आणि कोकमाचा डबा. पुढे एमजीत दोन पांढरी डोकी, एक कानटोपीत, एक स्कार्फमध्ये. पिरंगुटला डावीकडे एक गाडी चुकवताना मामांनी इंडिकेटर दिला तो तसाच राहिला. मी दिवे उघडझाप करून सांगायचा प्रयत्न केला. मामांनी वर हात करून मला टाटा केलं. मामीनेही केलं. चांदणी चौकापर्यंत तो डावा दिवा लुकलुकत होता.

रात्री पावणेअकराला मामांचा फोन आला. इंजिन एव्हाना गार झालं होतं.

"अठरा होता," ते म्हणाले. "तिसऱ्याचा."